पायरी असलेली खिडकी

आमच्या दवाखान्यात औषधापेक्षा पडवीला जास्त गिऱ्हाईक होतं. खाडीवरून येणारा वारा पनवेलची सगळी घरं चुकवून नेमका त्या पडवीत शिरायचा, आणि त्याच्या मागोमाग गावातली सगळी पिकली पानं. सकाळच्या एसटीने मुंबईचा पेपर आला की तो आधी दवाखान्यात उतरे. एकजण तो मोठ्याने वाचे आणि बाकीचे सरकारला शहाणपण शिकवत. आजारी माणसाला या मंडळींच्या पायांवरून वाट काढत आत जावं लागे, आणि जाता जाता प्रत्येकाला आपलं दुखणं सांगावं लागे. डॉक्टरांपर्यंत पोचेस्तोवर त्याला सुंठ, एरंडेल, ओवा अशी बरीच औषधं फुकटात सुचवलेली असत. काहीजण तेवढ्यावर बरे होऊन दारातूनच परत जात, हेही खरं.

मधल्या बाकावर दवाखाना कमिटीचे चेअरमन बसत. भाताच्या गिरणीचे मालक. परीटघडीचं धोतर, काळी टोपी, हातात चांदीच्या मुठीची काठी. माणूस वाईट नव्हता. आपण बोलायचं थांबलो तर पनवेलचं कसं होईल, एवढीच त्यांना काळजी असे.

मी मुंबईला नर्सिंग आणि बाळंतपणाचं शिक्षण घेऊन या दवाखान्यात लागले, तेव्हा स्वातंत्र्य येऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. अंगात रग होती आणि जिभेला हाड नव्हतं. मला वाटलं होतं, निदान एक बाळंतपणाची खोली असेल. होता एक पडदा. ड्रेसिंगच्या खोलीत मधोमध दोरीवर टाकलेला. त्याच्या एका बाजूला गळू फोडून घेणारा बाप्या बोंब ठोकायचा आणि दुसऱ्या बाजूला बाई ओठ दाबून कळा सोसायची. ओरडण्याचा मान नेहमी बाप्यांकडे जाई.

पण बायका यायच्याच कमी. आमच्याकडे एक आया होती. विधवा कोळीण, आधी मासळीबाजारात बसायची, त्यामुळे तिचा कुजबुजण्याचा आवाजसुद्धा दोन गल्ल्यांत ऐकू जाई. तिला मी विचारलं, "गावातल्या बायका बाळंतपणाला इथे का येत नाहीत गं?"

"कशा येतील बाय? पुढं ती म्हाताऱ्यांची जत्रा बसलीय."

मग तिने मला सांगितलं ते असं. बाईला कळा लागल्या की ही गोष्ट जितक्या माणसांना कळेल, तितक्या कळा तिला जास्त सोसाव्या लागतात. म्हणून घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. सुईणीला बोलवायला गेलेला नवरा कारण सांगत नाही, नुसतं "आयेनी बोलवलाय" म्हणतो आणि सुईण काय ते समजते. गाडीतून न्यायची वेळ आली तर बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा काढून ठेवतात. शेजारणीला कळतं ते थेट मूल रडल्यावर.

मी मुंबईहून शिकून आलेली, त्यामुळे मला हसू आलं. पण हिशेब तिच्या बाजूने होता. ती पडवी म्हणजे एकेक माणूस एकेक कळ. आणि चेअरमन तर प्रत्येक अवघडलेल्या बाईला खड्या आवाजात विचारत, "काय गं, कितवी खेप?" त्यांच्या एकट्याच्याच दहा-बारा कळा धरायला हव्यात.

हसू फार दिवस टिकलं नाही. गव्हाणकडची एक बाई होती. मिठागरावर राबणाऱ्या घरातली, पहिलटकरीण. पोट जरा आडवं दिसतंय म्हणून मी तिला आधीच बजावलं होतं, कळा लागल्या की इकडे ये. ती आली. सासू तिला होडीतून बंदरावर घेऊन आली आणि तिथून गाडीने दवाखान्यापर्यंत. नेमकी पेपरची वेळ. गाडी थांबली तसं वाचन थांबलं आणि सगळ्यांचे चष्मे एकदम वर झाले. त्या बाईने एक पाय खाली टाकला होता. तिने पडवीकडे पाहिलं आणि पाय वर घेतला.

मला आत गाडीची चाकं वाजलेली कळली, आणि परत फिरलेलीही कळली. मी पिशवी घेऊन धावत सुटले. बंदराच्या रस्त्याला गाडी गाठली तेव्हा मूल गाडीतच झालेलं होतं. मुलगा. नऊ महिने भरलेला, बाळसेदार. मला जे येत होतं ते सगळं मी केलं, पण उशीर झाला होता. तिने एवढंच विचारलं, "रडला?"

मी नाही म्हणून मान हलवली. सासूने पदर फाडून त्याला गुंडाळलं.

दवाखान्यात परत आले तर पडवीत पेपर अजून चालूच होता. मला इतका संताप आला होता की कानशिलं दुखत होती. मी वाचणाऱ्याच्या हातातला पेपर काढून घेतला, त्याच्या चार घड्या घातल्या, काखेत मारला आणि आत गेले. चेअरमन माझी तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेले. आमचे डॉक्टर कमी बोलायचे. ते म्हणाले, "कापूस गुंडाळायला कागद लागला असेल हो त्यांना."

पुढच्या वर्षी सरकारी अनुदान मंजूर झालं. दवाखाना वाढवायचा, जुनं छप्पर काढून मंगलोरी कौलं घालायची, ऑपरेशनला वेगळी खोली, आणि मागच्या अंगाला बाळंतपणाची स्वतंत्र खोली. बातमी आली त्या दिवशी पडवीत पेढे वाटले गेले आणि मी चेअरमनला नमस्कारसुद्धा केला. मग नकाशा पाहिला.

नकाशात सगळ्यात ठळक काय होतं, तर पोर्च. दवाखान्याच्या तोंडावर दोन खांबांचा भक्कम पोर्च. कमिटीच्या बैठकीत मला चहाच्या वेळी सल्ल्याला बोलावत, म्हणजे चहाबरोबर सल्लाही उरकला जाई.

"हा पोर्च कशाला?" मी विचारलं.

"मोटार उभी राहायला," चेअरमन म्हणाले.

"कोणाची?"

सगळे कपातला चहा निरखू लागले. बैठकीला बसलेल्यांत मोटार एकाकडेही नव्हती. आमचे रोगी येत ते पायी, होडीने, बैलगाडीने, नाहीतर चौघांनी उचललेल्या डोलीतून.

"आज नाही, उद्या येईल," चेअरमन म्हणाले. "आधी पोर्च तर पाहिजे!"

बाळंतपणाची खोली कागदावर झकास होती. मोरी, फरशी, भरपूर उजेड. पण आत जायची वाट कुठून, तर पडवीतून. मी म्हटलं, हिला मागून एक दार द्या. चेअरमन दचकले. "दवाखान्याला मागचं दार? मागच्या दाराने दवाखान्यातून काय काढतात, माहीत आहे ना बाई? लोक दुरूनच हात जोडतील."

सरकारी ओव्हरसियर बैठकीला होता. पांढरी पँट, पांढरा शर्ट, बगलेत नकाशाची गुंडाळी. तो म्हणाला, "नकाशा मुंबईला मंजूर झालाय. मागच्या भिंतीला दोन खिडक्या आहेत, दार नाही. दार पाहिजे तर कागद परत जाणार, मार्च उलटणार, आणि तुमचं अनुदान तुमच्या नाकावर टिच्चून दुसऱ्या तालुक्यात जाणार."

"मग पडवीतले बाक हलवा," मी म्हणाले.

देवळातला देव हलवायला सांगितल्यासारखे सगळे माझ्याकडे पाहू लागले. बैठक तिथेच संपली.

बांधकाम सुरू झालं. गवंडी पनवेलचाच, उतारवयाचा मुसलमान, कामाला चोख आणि बोलायला गोड. मागची भिंत गुडघाभर वर आली तेव्हा मी त्याच्यापाशी जाऊन उभी राहिले.

"चाचा, नकाशात इथे खिडकी आहे ना?"

"बेशक आहे, बाईसाब."

"मग खिडकीच करा. फक्त जमिनीपासून सुरू करा."

त्याने थापी खाली ठेवली. भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यावरून पुढे पडवीकडे पाहिलं. "माझ्या बीबीने त्या पडवीत कधी पाय नाही ठेवला," तो म्हणाला. "सात बाळंतपणं घरात. दोन गेली." आणि पुन्हा थापी उचलली. "बाहेरून पायरी लागेल."

"खिडकीला पायरी कशी असेल? फुलांच्या कुंड्या ठेवायला ओटा करा."

"बरोबर," तो गंभीरपणे म्हणाला. "कुंड्यांना चढायला सोपं पडेल, इतपतच उंच करतो."

आता प्रश्न ओव्हरसियरचा. तो आठवड्यातून एकदा येई आणि चारही बाजूंनी फिरून पाही. मला काही करावं लागलं नाही, देवानेच सोय करून ठेवली होती. दवाखान्याच्या मागे कुंपणावर खाजकुयली माजली होती, आणि दिवस होते शेंगा वाळण्याचे. त्या शेंगांवरची बारीक कुसळं अंगाला लागली की माणूस भान विसरतो. एरवी आम्ही ती वेळीच तोडून टाकायचो. त्या वर्षी मी आयाला सांगितलं, राहू दे, हिरवी दिसते.

ओव्हरसियर मागच्या अंगाला गेला, आणि अशा काही वेगाने पुढे आला की तसा पळणारा सरकारी माणूस मी पुन्हा पाहिला नाही. पांढऱ्या पँटसकट तो पडवीत नाचत होता. पडवीला असा रोगी बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. सगळ्यांनी एकमुखाने शेण सुचवलं, आणि याच्या मताची वाट न पाहता एकाने ते आणलंसुद्धा. डॉक्टर आतून औषध घेऊन येईपर्यंत पँट पांढरी राहिली नव्हती. त्यानंतर ओव्हरसियर मागची भिंत कोपऱ्यावरूनच बघत असे. कोपऱ्यावरून दिसायचं ते भिंतीचं वरचं अंग, आणि वरून ती खिडकीच होती.

इकडे माझं दुसरं काम चालू होतं. गव्हाणकडची ती बाई पुन्हा दिवसांत होती. मी होडीने तिच्या घरी गेले. ती चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पिठाकडे पाहायला लागली. बोलली ती सासू.

"आमी नाय येनार बाय. घरान जा व्हायचा हाय ता व्हईल."

"पुढून येऊच नका. मागून या. मागे खिडकी केलीय, तिच्यातून थेट आत."

"खिरकीतून?" म्हातारीने कपाळावर हात मारला. "खिरकीतून चोर जातान, बाय. पोटुशी बाय जाते का कवा?"

"मग चोरासारख्या या."

सून हसली. पहिल्या वेळेपासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. पीठ लागलेले हात तसेच धरून तिने विचारलं, "कुनी बघनार नाय?"

"कोणी नाही."

"कुनाला कलनार पन नाय?"

"नाही. माझा शब्द."

मी शब्द देऊन मोकळी झाले आणि आठवडाभराने माझं बिंग फुटलं. उद्घाटन जवळ आलं म्हणून चेअरमननी आवार साफ करायला माणसं लावली. खाजकुयली गेली आणि खिडकी पायापासून डोक्यापर्यंत उघडी पडली. चेअरमन आणि ओव्हरसियर तिच्यापुढे उभे राहिले. मला बोलावणं आलं.

"ही खिडकी?" ओव्हरसियरने विचारलं.

"खिडकीच. गज यायचेत."

"बाई, हिच्यातून बैल आत जाईल!"

"बैलांची बाळंतपणं आपण करत नाही."

चेअरमन लालबुंद झाले. गवंड्याला बोलावलं, तर तो म्हणे, मला वाटलं कुंड्या मोठ्या असतील. शेवटी ठरलं असं की उद्घाटन होईपर्यंत हिच्यावर पडदा सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी विटा लावून मंजूर उंचीपर्यंत भिंत चढवायची. नाहीतर ओव्हरसियर काम पुरं झाल्याचा दाखला देणार नव्हता.

मी डॉक्टरांकडे जाऊन बरीच बडबड केली. त्यांनी ऐकून घेतलं. "एखादी जरी बाई त्या खिडकीतून आली असती ना, तर मला कमिटीपुढे बोलता आलं असतं," ते म्हणाले. "अजून एकही आलेली नाही. रिकाम्या खिडकीची बाजू मी कशी घेऊ?"

तेही खरंच होतं. दुसऱ्या दिवशी विटांचा ढीग मागच्या भिंतीशी येऊन पडला. गव्हाणच्या बाईचे दिवस अगदी भरत आले होते. एकदा ती खिडकी बुजली की ती पुढच्या दाराने येणार नाही, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. घरी अडली तर काय होईल, हेही ठाऊक होतं.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. पुढे मांडव, पताका, खुर्च्या, आणि गावातून आणलेला बँड. मुख्य दाराला कुलूप आणि कुलपावर लाल फीत. किल्ली चेअरमनच्या खिशात, कारण पाहुण्यांच्या आधी आत कोणाचं पाऊल पडता कामा नये. फीत कापायला कात्री हवी म्हणून कमिटीचा एकजण येऊन बाळंतपणाच्या नव्या सामानातली चकचकीत कात्री घेऊन गेला आणि ती फुलांच्या तबकात ठेवली. मला मागे जुनी ठेवली. पाहुणे मुंबईहून येणार होते, म्हणजे उशीर करणार होते. गळ्यात हार घालून डॉक्टरांना मांडवात बसवून ठेवलं होतं.

मी आणि आया खिडकीतूनच आत जाऊन खाटांवरच्या चादरी नीट करत होतो. तेवढ्यात पडदा हलला आणि सासूचं डोकं आत आलं. तिच्या ओटीत बैलांच्या घुंगुरमाळा होत्या, त्या वाजू नयेत म्हणून तिने दोन्ही हातांनी आवळून धरल्या होत्या.

"बाय, गारी झारामागं उबी केलीय," ती पुटपुटली. "येऊ ना?"

ती बाई कुंड्यांच्या ओट्यावर पाय ठेवून आत आली. पाऊल वाजलं नाही, हूं की चूं नाही. पुढे मांडवात चार-पाचशे डोकी असतील, त्यातल्या एकालाही कळलं नाही. नव्या खाटेवर बसायला ती बिचकत होती, मी तिला धरून निजवलं. आयाने पाणी उकळायला ठेवलं आणि त्यात ती जुनी कात्री टाकली. वेळ फारसा उरलेला नव्हता.

मी तिच्याशी हळूच बोलत होते, ती माझा हात पिरगळत होती, आणि सगळं जसं व्हायला हवं तसं होत होतं. तेवढ्यात मोटारीचा हॉर्न वाजला. पाहुणे आले. नंतर कळलं की मोटार पोर्चपेक्षा रुंद निघाली, त्यामुळे त्यांना उन्हातच उतरावं लागलं. बँड सुरू झाला आणि त्याच वेळी मूल बाहेर आलं.

मुलगी. निळसर, मऊ, हातपाय सोडलेली. रडली नाही.

मी तिचं तोंड साफ केलं, नळी घालून घशातलं ओढून काढलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. काही नाही. छातीला कान लावला, तर कानात नुसता बँडचा मोठा ढोल. त्या ढोलापुढे माणसाचं काळीज ऐकू येत नव्हतं, मग या चिमणीएवढ्या जिवाचं काय येणार? ती आहे की गेली, हेच मला कळेना. खाटेवरून तिची आई माझ्या तोंडाकडे पाहत होती. ती विचारत नव्हती. तो प्रश्न तिने आधी एकदा विचारलेला होता.

"जा," मी आयाला म्हणाले. "बँड थांबव. काही कर, पण थांबव!"

आया खिडकीतून उडी मारून गेली. पुढचं मला तिने आणि इतर पुष्कळांनी पुन्हापुन्हा सांगितलंय. पाहुणे दारापुढे उभे होते, कात्री फितीला लागलेली. आया मधल्या खुर्च्या ढकलत थेट बँडवाल्यांपुढे जाऊन उभी राहिली आणि मासळीबाजारातला सगळा आवाज एकवटून ओरडली, "बाजा बंद करा रे! आत पोर झालाय, रडत नाय अजून!"

बँड थांबला. ढोलवाल्याचा हात वरच राहिला. कोणीतरी हसायला लागलं असावं, ते लगेच थांबलं. पाहुण्यांनी कात्री खाली घेतली. आणि पडवीतली ती सगळी मंडळी, जी आमच्या आठवणीत कधी गप्प बसली नव्हती, ती गप्प झाली. चेअरमननी टोपी काढून हातात घेतली म्हणतात.

मला आत एवढंच समजलं की जग एकदम शांत झालं. मी पुन्हा कान लावला. होतं. अगदी मंद, पण होतं. मी तिच्या नाकातोंडावर तोंड ठेवून फुंकर घातली, हळू, गालात मावते तेवढीच हवा. पाठ चोळली. पुन्हा फुंकर. बाहेर एवढी माणसं आणि कोणाचा खोकलासुद्धा नाही. मला रडू फुटत होतं आणि ते आवरायलाही फुरसत नव्हती. पुन्हा फुंकर.

तिने तोंड वेडंवाकडं केलं, एक आचका दिला आणि रडली. आधी मांजराच्या पिलासारखं, मग खणखणीत. इतकं खणखणीत की मांडवाच्या टोकाला गेलं. बाहेर एकदम कल्लोळ झाला. बँडवाल्यांनी कोणी न सांगता पुन्हा वाजवायला सुरुवात केली, आणि मी जुन्या कात्रीने नाळ कापली.

पडदा बाजूला झाला आणि डॉक्टर खिडकीतून आत आले, गळ्यात झेंडूचा हार तसाच. त्यांनी पोरीला तपासलं, आईला तपासलं, माझ्या खांद्यावर एकदा थोपटलं. "आता बोलता येईल," म्हणाले आणि आले तसे खिडकीतून गेले.

पण त्यांना बोलावं लागलंच नाही. पाहुण्यांनी विचारलं, फीत जागच्या जागी आहे, दाराला कुलूप आहे, मग ही बाई आत आली कशी? डॉक्टरांनी त्यांना दवाखान्याला वळसा घालून मागे नेलं. पाहुणे चतुर होते. त्यांनी परत येऊन भाषणात सांगितलं की खेड्यातल्या आयाबहिणींची लाज राखणारी अशी सोय त्यांनी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. टाळ्या कडाडल्या. चेअरमन उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "ती कल्पना पहिल्यापासूनच आमच्या मनात होती." ओव्हरसियरने मान डोलावली. त्याने दाखल्यात काय लिहिलं ते मला ठाऊक नाही, पण विटा दुसऱ्या दिवशी गाडीत भरून परत गेल्या. जाताना गवंडी मला म्हणाला, "बाईसाब, आता खरोखरच्या दोन कुंड्या ठेवा, नाहीतर मी खोटा पडेन."

हे सगळं बाहेर चाललेलं असताना मी खाटेशी बसले होते. सासू घुंगुरमाळा मांडीवर घेऊन भिंतीला टेकली होती आणि तिचा डोळा लागला होता. मला त्या बाईच्या नजरेला नजर द्यायची हिंमत होत नव्हती. कोणाला कळणार नाही असा मी शब्द दिला होता, आणि माझ्याच आयाने ते सगळ्या पनवेलला ओरडून सांगितलं होतं. मी तसं तिला बोलून टाकलं.

ती छताकडे पाहत होती. "सगल्यांनी आयकला?"

"सगळ्यांनी."

"त्या पडवीतल्या म्हाताऱ्यांनी पन?"

"ते तर सगळ्यात पुढे होते."

मग कुशीवर वळून तिने पोरीच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं.

"मागल्याला कुनीच नाय आयकला," ती म्हणाली. "लोका बोलायची, झालाच नसंल. मीच यकटी सांगायची, झालेला म्हनून." तिने पोरीच्या गालाला बोट लावलं. "हिला आयकू दे. सगल्यांना आयकू दे."

बोट लागल्यामुळे पोरगी पुन्हा रडायला लागली, चांगली टाहो फोडून. मी तिला उचलायला हात पुढे केले. तिच्या आईने माझे हात बाजूला सारले आणि तिला रडू दिलं.